टाकळा, कुसळी आणि सहा फुटी मल्चर

गोशाळेच्या गुरुजींनी फोनवर एकच विचारलं, “आमच्या ४५ एचपीच्या ट्रॅक्टरला सात फुटी मल्चर चालेल ना?” मी म्हटलं, काम काय आहे? “गवत कापायचंय. चाळीस एकर कुरण आहे, मजूर मिळत नाहीत.” यंत्र विकणाऱ्याला असं गिऱ्हाईक म्हणजे लॉटरीच. पण मी विक्रीबरोबर दुरुस्तीही बघतो, आणि घाईत विकलेलं यंत्र कुरकुरत परत माझ्याच पुढ्यात येतं. म्हणून म्हटलं, आधी रान बघतो, दुकानातलं डेमोचं सहा फुटी यंत्र सोबत आणतो, मग बोलू.

माण तालुक्यातलं रान. भादवा चालू होता, पावसानं चार दिवस उघडीप दिली होती. कुरणाचे सरळ दोन भाग पडतात. खाली ओढ्याच्या अंगाला सपाट, थोडी काळी माती. वर माळ, मुरमाड आणि दगडगोट्यांचा. खालच्या भागात गवत कमी आणि टाकळाच जास्त. कमरेइतका वाढलेला, पिवळ्या फुलांवर आलेला. पावसाळ्याच्या तोंडाला आपण कोवळ्या टाकळ्याची भाजी आवडीनं खातो, पण गाय त्याला तोंड लावत नाही. शेंगा धरून बी पडलं की पुढची कित्येक वर्षं ते मातीत तग धरून राहतं. आणि टाकळ्याच्या सावलीत खालचं मारवेल गवत पिवळं पडत जातं.

मल्चर म्हटलं की आपल्याकडे लोकांना उसाच्या पाचटाची कुट्टी आठवते, नाहीतर द्राक्षबागेतल्या छाटणीच्या काड्या. गवतासाठीचा फ्लेल मोअर त्याच जातीचा, थोडा हलका; मी सोबत नेलेलं यंत्र तेच. आडवा रोटर, त्यावर जोडीजोडीनं लोंबकळणारी पाती, वर पत्र्याचं झाकण, मागे उंची ठरवणारा रोलर. पातं दगडावर आपटलं तर मागे वळतं. तुटत नाही असं मी म्हणणार नाही, पण दणका पुढे गिअरबॉक्सपर्यंत कमी पोचतो.

गुरुजींनी त्या दिवशी शेजारच्या गावातून एक स्लॅशरवालाही बोलावून ठेवला होता. तुलना करून घेऊ म्हणाले. निवृत्त मास्तरांचा हिशेबीपणा, त्यात गैर काही नाही. स्लॅशर म्हणजे एका उभ्या दांड्यावर आडवं फिरणारं जाड पातं. किंमत कमी, ताकद कमी लागते, सुटे भाग मोजकेच. त्याचा ट्रॅक्टर जुना, एका क्लचचा. मी जोडणीकडे पाहिलं आणि चालवणाऱ्या पोराला विचारलं, “पीटीओवर एकतर्फी क्लच बसवलाय का?” तो हसला. “हे काय असतं, मिस्त्री?”

एका क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पीटीओ, म्हणजे मागच्या यंत्राला फिरवणारा दांडा, आणि चाकं गिअरबॉक्समधून एकमेकांना जोडलेली असतात. पाय दाबला की इंजिन सुटतं, पण जडशीळ पातं गरगरत राहतं, आणि तेच उलट पीटीओतून चाकांना ढकलतं. मध्ये एकतर्फी क्लच असला की पातं मोकळं फिरून थांबतं, ट्रॅक्टरला ढकलत नाही. वस्तू छोटी, पीटीओच्या दांड्यावर बसते. मी पोराला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, बांधाजवळ जाऊ नकोस, आणि थांबायचं झालं तर क्लचबरोबर ब्रेकही दाब. बघ्यांनाही लांब उभं केलं.

त्यानं ओढ्याच्या कडेनं पट्टा धरला. टाकळा झपाझप आडवा पडत होता आणि गुरुजींचा चेहरा खुलत होता. पहिल्या वळणावरच खणकन आवाज झाला आणि एक गोटा मागच्या बाजूनं सुटून पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर जाऊन आदळला. टाकीला मूठभर पोचा पडला. पाच फुटी स्लॅशरचं पातं मिनिटाला हजार फेरे घेत असेल, तर त्याचं टोक ताशी २८० किलोमीटरनं फिरतं. तिथून सुटलेला दगड कुणाच्या पायाला लागला असता तर हाड राहिलं नसतं.

खरा प्रकार पुढेच झाला. पट्ट्याच्या शेवटी कुंपणापासून दहाबारा हातांवर पोरानं सवयीनं नुसता क्लच दाबला. ट्रॅक्टर थांबला नाही. तो पाय रोवून बसलेला, इंजिनाचा आवाज खाली आलेला, आणि ट्रॅक्टर आपला शांतपणे कुंपणाकडे चाललेला. मी “ब्रेक! ब्रेक!” म्हणून ओरडलो. त्यानं ब्रेक दाबला तोवर पुढचं चाक सिमेंटच्या खांबाला भिडलं होतं. खांब मधोमध मोडला, काटेरी तारा सैल पडल्या, एक तार बॉनेटवर येऊन बसली. पोराला काही झालं नाही, पण खाली उतरला तेव्हा त्याच्या हाताला कंप होता. पाणी पिऊन झाल्यावर म्हणतो, “मिस्त्री, मला वाटलं क्लचच गेला.” क्लच ठणठणीत होता. तारा सोडवून खांबाचे तुकडे बाजूला काढण्यात अर्धी सकाळ गेली. त्याच्या मालकाला मी फोनवरच एकतर्फी क्लचचं माप सांगितलं, तो बसवल्याशिवाय स्लॅशर जोडू नका म्हटलं.

आमचं यंत्र जोडण्याआधी मी गडी घेऊन सगळा पट्टा पायी फिरलो. नायलॉनची दोरी, ठिबकची नळी, जुन्या तारेचं भेंडोळं असं बरंच निघालं. दगडापेक्षा मला तारेची भीती जास्त. दगड उडतो आणि संपतं, तार मात्र रोटरला गुंडाळली की बेअरिंगच्या सीलपर्यंत जाते आणि कटर घेऊन पोटावर आडवं पडून ती तोडत बसावी लागते. मग रोलर साडेतीन इंचांवर लावला. त्याहून खाली कापलं तर गवताचे फुटवेच जातात आणि मोकळ्या जागेत पुन्हा टाकळाच उगवतो. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर आणला आणि हळू गिअरमध्ये, ताशी चार किलोमीटरनं निघालो.

सुरुवात रानाच्या मधून केली, बाहेरच्या दिशेनं. कडेकडेनं गोल फिरत आत गेलं तर लावे, ससे मधल्या उभ्या गवतात कोंडले जातात आणि शेवटच्या फेरीत पात्याखाली येतात. मधून बाहेर कापत आलं तर त्यांना पळायला वाट राहते. दोन ससे आणि लाव्यांचा एक थवा ओढ्याकडे गेलेला सगळ्यांनीच पाहिला. टाकळ्याचा भुगा होऊन सारखा पसरत होता, स्लॅशरसारखे ढीग पडत नव्हते. ढीग पडला की त्याखालचं गवत कुजतं. दगडांचा आवाज झाकणाखाली येत होता, बाहेर काही उडालं नाही. तरी मागे कुणाला उभं राहू दिलं नाही. झाकण आहे म्हणून बिनघोर राहणारे लोक मी पाहिलेत.

गुरुजी खूश. “झालं तर मग. हाच घेऊ, पण सात फुटी. आणि वरचा माळही ह्यानंच कापून गवत गोळा करून गंजी लावू.”

बांधावर मेंढरं घेऊन एक आबा बसले होते. दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्यांपैकी, तोवर गावातच. सकाळपासून सगळा तमाशा बघत होते. ते उठून आले, कापलेला भुगा मुठीत घेतला, बोटांनी चोळला आणि खाली टाकला.

“गुरुजी, ह्याची गंजी व्हनार न्हाय. ह्यो तर तपकिरीवानी झालाय.”

मी तेच सांगणार होतो, पण आबांनी सांगितलेलं जास्त पटलं. फ्लेल मोअर गवताचे बोटभर तुकडे करतो, त्यात माती मिसळते. गोळा करायला गेलं तर अर्धं जमिनीवर राहतं, उरलेलं ओलं राहून बुरशी धरतं. साठवायच्या गवताची काडी अखंड हवी. त्याला विळा किंवा कातरीसारखं कापणारा कटर बार. चारा साठवायचा असेल तर मल्चर घ्यायचाच नाही, मग तो कितीही एकरांचा मामला असो.

“आन् वर कुसळी हाय,” आबा पुढे म्हणाले. “आता फुलाव आलीया. ह्या आठवड्यात कापली तर गुरं खात्याल. कुसळं पिकली की मंग ना गाय खाती, ना मेंढरू. तोंडात रुतत्यात, लोकरीत घुसत्यात, कातड्यात जात्यात.”

कुसळी हे माळावरचं गवत. तिचं कुसळ ओलावा लागला की पीळ सोडतं, वाळलं की पीळ घालतं, आणि तसं फिरत फिरत मातीत किंवा कातडीत शिरतं. ते पिकायच्या आत कापलेली कुसळी मात्र बऱ्यापैकी वैरण असते. माळावर तिच्याबरोबर पवन्या गवतही होतं. म्हणजे वरच्या भागाला घाई होती, आणि तिथे आमच्या यंत्राचं काही काम नव्हतं.

मग झाडाखाली बसून हिशेब केला. सात फुटी यंत्र ह्या ट्रॅक्टरला जड. पीटीओवर ३८-३९ एचपीच मिळतात, आणि ओढ्याच्या उतारावर यंत्र उचललं की पुढची चाकं हलकी होणार. पाच फुटी घेतलं तर मागच्या टायरांची बाहेरची रुंदी त्याहून जास्त, दोन्ही कडांना तुडवलेलं गवत न कापता तसंच राहतं. सहा फुटी बरोबर बसतं. ताशी चार किलोमीटरनं कागदावर पावणेदोन एकर होतात, वळणं धरून सव्वा ते दीड. टाकळ्याचं रान पंधरा एकर. दोन दिवसांचं काम. त्यासाठी सात फुटाचा हट्ट कशाला?

पाती कुठली, हा गोशाळेच्या खजिनदारांचा प्रश्न. बांधावरच्या वेड्या बाभळीसाठी हातोडीची घ्यायची का? मी म्हटलं, इंग्रजी ‘Y’च्या आकाराचीच घ्या. हातोडी लाकूड फोडते, गवत नीट कापत नाही. आणि वेडी बाभूळ वरून कापली की बुंध्यातून चार फांद्या जास्त फुटतात, ती मुळासकट जेसीबीनं काढा. एक पातं तुटलं तर त्याच्या समोरचंही बदला, नाहीतर रोटर थरथरतो आणि बेअरिंग जातं. गाडीत पात्यांचा एक जोड, बोल्ट आणि एक बेल्ट कायम ठेवा.

दुकानात फोन केला. सात फुटी जात नाही, सहा फुटी जातंय, आणि वरच्या माळाचा कटर बार आपल्याकडे नाही, म्हणून ते भाड्यानं आणतील, असं सांगितलं. मालक थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “निदान एकतर्फी क्लच तरी बसवून दे.” तो मी किमतीत आधीच धरला होता. खजिनदार त्यावर सवलत मागत होते.