रेषेविना रंगवलेला गवळाऊ बैल

गवळाऊ जातीचा बैल पांढरा. आमच्या आर्वीकडच्या गावात भर उन्हात तो चुन्याच्या भिंतीपुढे उभा राहिला की पांढऱ्यावर पांढरं. पोळ्याआधी बाबांच्या जोडीतला एक बैल मला क्रितात, म्हणजे संगणकावर चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, रंगवायचा होता, तोही बाह्यरेषा न काढता. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांपासून हात आधी रेषा काढायला आणि मग आत छटा भरायला सरावलेला. रेषा मला आवडते. पण बैलाच्या अंगावर ती कुठेच नसते. असतात त्या एकमेकींना भिडलेल्या उजळ आणि गडद जागा.

कॅनव्हास आधी मध्यम करड्या रंगाने भरला. कोऱ्या पांढऱ्यावर पांढऱ्या जनावराचा उजेड ठरवताच येत नाही. वेगळ्या लेयरवर (चित्राच्या वेगळ्या थरावर) लॅसोने, म्हणजे हाताने घेर काढून, नुसता आकार कापून एकाच रंगात भरला: वशिंड, शिंगं, गळ्याखालची लोंबती कातडी, पाय. तेवढ्यावरून ‘हा आपलाच बैल’ असं वाटेपर्यंत पुढे गेले नाही. क्रितात एम दाबला की चित्राचं डावं-उजवं पालटतं आणि मानेचा तोल चुकला असेल तर लगेच दिसतो. मग अल्फा लॉक करून, म्हणजे रंग कापलेल्या आकाराबाहेर जाणार नाही असं करून, दोनच छटा दिल्या, ऊन आणि सावली. डोळे अर्धवट मिटून बघितलं की बारीकसारीक तपशील गळून जातात. या दोन छटा तेव्हाही वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

खरं काम इथून पुढे, कडांचं. पोट गोल वळतं, त्यामुळे तिथे ऊन हळूहळू सावलीत उतरतं. पुठ्ठ्याचं हाड वर आलेलं असतं, तिथे तेच वळण झटकन संपतं. म्हणजे कड किती मऊ ठेवायची हे खालचा आकार सांगतो. पडलेल्या सावलीचा नियम मात्र निराळा. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो. म्हणून भिंतीला टेकलेल्या काठीची सावली धारदार पडते, आणि तीच काठी एक मीटर दूर धरली की सावलीची कड जवळजवळ ९ मिलिमीटर विरते. मी हे गोठ्याच्या भिंतीवर करून बघितलं. शिंगाची मानेवरची सावली बुडाशी धारदार आणि पुढे मऊ का ठेवायची, ते मग शिकवावं लागलं नाही.

ब्रश बहुतेक कडकच वापरला, फक्त दाबानुसार अपारदर्शकता बदलणारा. सगळीकडे एअरब्रश (मऊ कडांचा ब्रश) फिरवला तर अंग पिंजलेल्या कापसासारखं होतं. हाड कुठे आणि मांस कुठे, काही कळत नाही. पोटाखाली सारवलेल्या अंगणाचा पिवळसर उजेड वर येतो, तो दिला; पण उन्हातल्या भागापेक्षा तो गडदच ठेवावा लागतो, नाहीतर गोलाई मोडते. कानामागून ऊन आलं की कानाची कड लालसर होते. चित्रकार हळदणकरांच्या मैसूरला असलेल्या प्रसिद्ध जलरंगचित्रात दिव्यावर धरलेली बोटं जशी तांबूस उजळतात, तसाच हा प्रकार.

अल्फा लॉकची एक अडचण आहे आणि ती फारसं कोणी आधी सांगत नाही. लॉक असेपर्यंत आकाराची बाहेरची कड सगळीकडे सारखीच कापलेली राहते आणि बैल भिंतीवर चिकटवल्यासारखा वाटतो. म्हणून आकार पक्का झाल्यावर मूळ फाइलची प्रत ठेवून बैल आणि भिंत एकाच लेयरवर आणले आणि भिंतीचा रंग बैलात, बैलाचा भिंतीत ओढला. शिंगांमागे निंबाची गर्द सावली होती, तिथे कड धारदार ठेवली. पाठीवर ऊन, मागे भिंतीवरही तेवढंच ऊन. तिथे पाठीची कड मी सोडूनच दिली.

बाबांनी स्क्रीनवर बघितलं. “पाठ मिटवली काहून वं याची?” मग थोडं मागे सरून म्हणाले, “पण दिसून तं रायली.” दिसते, कारण वशिंडाखालची सावली आणि भिंतीवर पडलेली सावली मिळून ती वर कुठे असणार ते सांगतात. हे त्यांच्या तोंडून आल्यावर त्या जागेला मी पुन्हा हात लावला नाही.

शेवटी शेपटीचा गोंडा. आधी एक गडद गठ्ठा, आणि केस फक्त उजेडाच्या बाजूला, काठावर चार-पाच.