छोटी गाडी ठेवायला हवी होती का?

“मिरजेची छोटी गाडी ठेवायला हवी होती, नाही का? माथेरानला ठेवली तशी.” मी मिरजेचा आहे आणि रेल्वेबद्दल बोलायला मला आवडतं, हे ज्यांना माहीत आहे ते हा प्रश्न हमखास विचारतात. लग्नाच्या पंगतीत विचारतात, सांगलीला जाताना बसमध्ये शेजारी बसले तरी विचारतात. ज्यांनी त्या गाडीतून प्रवास केलाय ते जरा हळवे होऊन विचारतात, ज्यांनी नुसते फोटो पाहिलेत त्यांचा आग्रह जास्त असतो. उभ्याउभ्या मी ‘नाही’ म्हणतो आणि समोरच्याचा चेहरा उतरतो. अरुंद रुळांच्या त्या बंद झालेल्या गाडीवर माझा जीव होता आणि आहे. तरीही माझं उत्तर ‘नाही’ असंच आहे, आणि ते का, हे एकदा नीट सांगायला हवं.

आपण तिला मिरजेची म्हणतो, पण ती जन्मानं बार्शीची. मुंबई–सोलापूर मोठी लाइन कुर्डुवाडीवरून गेली आणि बार्शीसारखी कापसाची, धान्याची पेठ बाजूला पडली. वीस-एकवीस मैल बैलगाड्यांनी माल आणायचा आणि मग रेल्वेत चढवायचा, असा व्यवहार होता. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत काम केलेल्या एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ही अडचण हेरली. लंडनमध्ये कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची लाइन सुरू केली. तीच बार्शी लाइट रेल्वे. आमच्याकडचे जुने लोक नुसतं ‘बार्शी लाइट’ म्हणत.

कॅलथ्रॉपचा सगळा हिशेब आसावरच्या, म्हणजे चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरच्या वजनाचा होता. इंजिन असो, डबा असो की वाघीण (मालाचा डबा), एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. इंजिनाला ताकद जास्त हवी असेल तर आस वाढवायचे आणि भार त्यांच्यावर सारखा वाटायचा. वाघिणींचे सांगाडे दाबीव पोलादाचे करून घेतले होते, म्हणजे वाघीण स्वतः हलकी आणि तिच्यात माल जास्त. एवढं साधलं की रूळ हलका चालतो. त्याचा रूळ यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचा होता. आज मोठ्या लाइनवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. रूळ हलका म्हटल्यावर पूल हलके, भराव कमी, वळणं हवी तितकी आवळ घेता येतात आणि खर्च आटोक्यात राहतो. ज्या कोरड्या मुलखात मोठी रेल्वे कुणाला परवडली नसती, तिथे रेल्वे नेण्याची ही युक्ती होती. बार्शीचा अनुभव पाहून पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी लाइन कॅलथ्रॉपनंच बांधली, १९०४ मध्ये. ती तीस वर्षांत बंद पडली. आपली शंभर वर्षांहून जास्त चालली, हे मी अभिमानानं सांगतो. याच माणसानं पुढे विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट तयार केलं.

बार्शी लाइट मिरजेला आली टप्प्याटप्प्यानं. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरपर्यंत रूळ आले. दुसऱ्या बाजूला बार्शीच्या पुढे वाढत वाढत १९११ मध्ये लाइन लातूरला पोचली. पंढरपूर ते मिरज हा शेवटचा मोठा तुकडा १९२७ मध्ये झाला. कॅलथ्रॉप गेला त्याच वर्षी. लातूर, बार्शी, कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज असा सव्वातीनशे किलोमीटरांचा हा पट्टा, आणि त्याची मालक एक खासगी कंपनी. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली आणि लाइन मध्य रेल्वेत आली.

आता मार्ग. याच्यावर मला थोडं रेंगाळू द्या, कारण माझं उत्तर या मार्गातच आहे.

मिरज सोडलं की पहिली गावं आरग, बेळंकी. आरग-बेडगचे पानमळे सगळ्या सांगली जिल्ह्याला माहीत आहेत. इथपर्यंत जमीन काळी, विहिरींना पाणी. सलगऱ्यापासून माती पातळ व्हायला लागते. मग कवठेमहांकाळ, अग्रणीच्या खोऱ्यात. अग्रणी ही वर्षातले बरेच महिने नुसती वाळूच दाखवणारी नदी. माझं आजोळ इथलं, त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत याच टप्प्यातून आमचं येणं-जाणं असायचं. मिरजेत घरातल्या नळाला पाणी असायचं आणि त्याच दिवशी आजोळी उतरलो की आजी घागर घेऊन निघालेली दिसायची. दोन्हीच्या मध्ये या गाडीतला फक्त काही तासांचा प्रवास. पुढे ढालगाव, जत रोड. जत रोड स्टेशनात उतरून जत गाठायला आणखी चांगलाच पल्ला मारावा लागतो. या भागात कुठेतरी तुम्ही कृष्णेचं खोरं ओलांडता आणि पाणी भीमेकडे उतरायला लागतं. सांगोला माणगंगेच्या मुलखात, डाळिंबांचं गाव. मग पंढरपूर, भीमेवरचा पूल, मोडनिंब आणि कुर्डुवाडी. कुर्डुवाडीपासून बार्शी, रामलिंगच्या डोंगरातून येडशी, ढोकी, मुरूड आणि शेवटी लातूर.

नकाशा समोर ठेवून ही गावं वाचा. पश्चिम महाराष्ट्राच्या बागायती काठावरून निघून थेट मराठवाड्याच्या आतपर्यंत, अवर्षणाच्या पट्ट्याच्या मधोमध जाणारी ही रेघ आहे. म्हैसाळ योजनेचं पाणी कृष्णेतून उचलून मिरज, कवठेमहांकाळ, जतकडे चढवलं जातं ते याच दिशेनं. रेल्वे या वाटेनं त्याच्या कितीतरी आधी गेली.

आणि तिच्यावर कोण बसायचं? मिरजेच्या दवाखान्यांत येणारे पेशंट. डॉक्टर वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचं हॉस्पिटल सुरू केल्यापासून या गावाची ख्याती दवाखान्यांची. सांगोल्याकडचा माणूस आजारी आईला घेऊन या गाडीनं यायचा, डब्यात सतरंजी अंथरून तिला निजवायचा. शिकायला मिरज-सांगलीत राहिलेली मुलं डबे, पिठाच्या पिशव्या घेऊन यायची. बाजाराला कोंबड्या, शेळ्या यायच्या. आषाढी-कार्तिकीला तर विचारू नका. जाताना वारकरी पायी, येताना बरेच जण गाडीनं. टपावर बसलेली माणसं, खिडक्यांना लटकवलेल्या पताका, आणि मिरजेत उतरून बेळगावकडच्या गाडीसाठी टाळ-मृदुंग सांभाळत फलाट बदलणारी माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून माथेरानशी तुलना मला पटत नाही. माथेरानची गाडी १९०७ ची, दोन फुटी, डोंगर चढून थंड हवेला जाणाऱ्यांसाठी. तिचा हळूपणा हीच तिची गंमत. आमच्या गाडीतल्या आजारी माणसाला हळूपणाचं काय सुख होतं? ‘चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातली बोरं काढायची आणि पुन्हा चढायचं’ ही गोष्ट आमच्याकडे सगळे हसत सांगतात. मला ती ऐकवत नाही. गाडी हळू होती कारण ३० पौंडी रुळावर कंपनीनं वेगाची मर्यादाच ताशी १५ मैल ठेवली होती. पुढे इंजिनं बदलली, कोळसा जाऊन डिझेल आलं, पण अडीच फूट काही बदलले नाहीत.

खरी अडचण मात्र वेगाची नव्हतीच, ती मिरजेच्या मालधक्क्यावर होती. मिरजेला आधी एक मीटर रुंदीची मीटरगेज, मग आमची अडीच फुटी नॅरोगेज, आणि पुण्याकडून १९७१ मध्ये मोठी ब्रॉडगेज. लोंढ्याकडची मीटरगेज नव्वदच्या दशकात बदलेपर्यंत तीनही मापांचे रूळ एकाच स्टेशनात होते. रेल्वेची हौस असलेल्यांना हे ऐकून आनंद होतो, लांबून माणसं बघायला येत. पण हमालाच्या बाजूनं बघा. १९७१ च्या आधी कोल्हापूरचा गुळाचा रवा सोलापूरला या लाइननं पाठवायचा तर मिरजेत मीटरगेजच्या वाघिणीतून काढून छोट्या वाघिणीत भरायचा, कुर्डुवाडीला पुन्हा काढून मोठ्या वाघिणीत. प्रत्येक ठिकाणी मजुरी, प्रत्येक ठिकाणी फूटतूट, प्रत्येक ठिकाणी वाट पाहणं. मग व्यापारी ट्रककडे वळला, यात त्याची काय चूक? जी लाइन दुष्काळी मुलखाला बाजाराशी जोडायला आली, ती शेवटी दोन्ही टोकांना अडकून पडली होती.

रुंदीकरण, म्हणजे अडीच फुटी रूळ जाऊन ब्रॉडगेज येणं, फार उशिरा झालं, अशी माझी तक्रार आहे. कुर्डुवाडी–पंढरपूर या शतकाच्या सुरुवातीला, लातूरकडचा भाग २००७–०८ मध्ये, आणि आपला मिरज–पंढरपूर सगळ्यात शेवटी, २०११ च्या सुमारास. लातूरकडे रुंदीकरणात मार्ग थोडा वळवला, त्यामुळे धाराशिव शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. छोट्या लाइननं त्या गावाला शंभर वर्षं बाजूला ठेवलं होतं, हेही हळवं होताना लक्षात असू द्या.

मग आला २०१६ चा उन्हाळा. लातूर शहराला प्यायला पाणी उरलं नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेत कृष्णेचं पाणी टँकरच्या वाघिणींत भरून गाडी निघाली आणि १२ एप्रिलला लातूरला पोचली. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, एका वेळी पंचवीस लाख लिटर. आरग, कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. तीच वाट. एका वाघिणीत पन्नास हजार लिटर, म्हणजे पन्नास टन नुसतं पाणी. चार आसांवर वाटलं तरी एका आसावर साडेबारा टन होतात, वाघिणीचं स्वतःचं वजन वेगळंच. कॅलथ्रॉपचा हिशेब पाच टनांचा. ते पाणी छोट्या लाइनवरून त्या मापानं गेलंच नसतं. मला कुणी ‘छोटी गाडी ठेवायला हवी होती’ म्हटलं की मी मनात ही आकडेमोड करतो.

आज कोल्हापूरहून नागपूरमार्गे धनबादला जाणारी दीक्षाभूमी एक्सप्रेस या रुळांवरून जाते. शाहू महाराजांच्या गावातून दीक्षाभूमीच्या गावाला, वाटेत पंढरपूर. मिरजेत गाडीत बसलेला माणूस कुठेही न उतरता परभणी गाठतो. लाइनवर विजेच्या ताराही आल्या. मध्य रेल्वेवर विजेसाठी राहिलेला अगदी शेवटचा तुकडा होता औसा रोड–लातूर रोड, तो फेब्रुवारी २०२३ मध्ये पूर्ण झाला. मधल्या लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या सवारी गाड्या मात्र अजून हव्यात, दिवसाउजेडी हव्यात. लाइन मोठी झाली म्हणून बेळंकी-सलगऱ्याच्या माणसानं नुसत्या निघून जाणाऱ्या गाड्या बघाव्यात, हे बरोबर नाही. आपण आग्रह धरायचाच असेल तर याचा धरू या.

आठवण जपायची नाही, असं मी म्हणत नाही. आरगपासून सांगोल्यापर्यंत प्रत्येक स्टेशनात एक फलक लागावा, त्यावर १९२७ साल लिहावं, बार्शी लाइटचा नकाशा असावा. शाळेच्या मुलांना कळावं की आपलं गाव या नकाशावर कधी आलं. आणि त्याआधी करायचं काम वेगळंच आहे. कुर्डुवाडीला या लाइनचं वर्कशॉप होतं. तिथे इंजिनं खोलून पुन्हा जोडणारे फिटर, मिरजेच्या यार्डात तीन मापांच्या गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, मालधक्क्यावरचे हमाल, यांतले काही जण अजून आपल्यात आहेत. सगळे वयस्क झालेत. तुमच्या घरात, गल्लीत असं कुणी असेल तर या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि त्यांना बोलू द्या.