भाचीला कुत्रा चावला आणि ताई सही करता करता थांबली

माझी भाची पाच वर्षांची. ओळखीतल्याच घरी खेळायला गेली आणि त्यांचा कुत्रा तिच्या गालाला चावला. रोजचाच कुत्रा, ती त्याला नावाने हाक मारते. (डॉक्टर म्हणाले लहान मुलांना बहुतेक वेळा ओळखीचाच कुत्रा चावतो, आणि त्यांची उंचीच तेवढी असल्यामुळे चावा चेहऱ्यावर नाहीतर मानेवर बसतो.) लगेच साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुतली, मग दवाखाना, रेबीजची लस, जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन), सगळं झालं.

तिसऱ्या दिवशी मालक आले. बिचारे खरंच हादरलेले होते, सगळं बिल आम्ही भरतो म्हणाले, आणि सोबत एक कागद आणला होता, यापुढे आमची काहीही मागणी नाही असा. ताई सही करणारच होती, इतके चांगले संबंध, वाद कशाला. मीच म्हटलं थांब, एकदा वकिलाला विचारू.

वकीलबाईंचा पहिलाच प्रश्न, जखम कुणाला झालीय, तुम्हाला की मुलीला? तर म्हणे दावे दोन असतात. दवाखान्याचा खर्च आईबापांचा, पण दुखणं, व्रण, पुढची ऑपरेशनं याची भरपाई मुलीच्या हक्काची, आणि पालक तिच्या वतीने बोलू शकतात पण तो हक्क वाटेल तसा सोडून देऊ शकत नाहीत. बऱ्याच देशांत अल्पवयीन मुलाच्या तडजोडीला कोर्टाची मंजुरी लागते. दावा लावायची मुदतही वेगळी, म्हणजे इंग्लंडमध्ये मूल १८ वर्षांचं झाल्यावर पुढे ३ वर्षं मिळतात. पण आईबापांच्या खर्चाच्या दाव्याला ही सवलत मिळेलच असं नाही, त्यामुळे "अजून खूप वेळ आहे" म्हणून गप्प बसू नका.

मालकाची चूक दाखवावी लागते का, हे जागेवर अवलंबून. जर्मनीत हौसेने पाळलेला कुत्रा असेल तर चूक नसली तरी मालक जबाबदार, कॅलिफोर्नियातही आधी कधी चावला नव्हता म्हणून सुटका नाही. काही ठिकाणी मात्र कुत्रा धोकादायक आहे हे मालकाला माहीत होतं किंवा त्याने हलगर्जीपणा केला असं सिद्ध करावं लागतं, आणि तिथे शेजाऱ्याचं "परवा माझ्या पण अंगावर आला होता" एवढं एक वाक्य सगळ्यात कामाचं. लगेच लिहून घ्या, महिन्याभरात लोकांना काही आठवत नाही. तसंच केसपेपर, बिलं, कुत्र्याच्या लसीकरणाच्या कार्डाची कॉपी, चावल्यानंतर कुत्रा १० दिवस नीट होता का याची नोंद.

"तिनेच शेपूट ओढलं असेल" हेही ऐकायची तयारी ठेवा. पाच वर्षांच्या मुलीकडून मोठ्यांएवढी समज कोर्ट धरत नाही, पण मग तेव्हा आई कुठे होती हा प्रश्न येतो. ताई आतल्या खोलीत होती. हे ऐकून ती जी गप्प झाली ती दोन दिवस.

पैशाचं म्हणाल तर तिसऱ्या दिवशी आकडा कुणीच सांगू शकत नाही. व्रण स्थिर व्हायलाच वर्षभर किंवा जास्त लागतं, त्यात चेहरा वाढता, पुढे परत सर्जरी लागू शकते, आणि रात्री दचकून उठते ते वेगळंच, त्यासाठी समुपदेशकाकडे जातोय तर तेही कागदावर येतंय. हे सगळं मी मालकांना सरळ सांगितलं. आधी त्यांचं तोंड उतरलं, मग घराच्या विम्याचे कागद काढले तर त्यात कुत्र्यामुळे दुसऱ्याला झालेली इजा कव्हर होती! (काही पॉलिसीत ठरावीक जाती वगळतात, वाचून घ्या.) क्लेम त्यांनीच टाकला, येणंजाणं चालू आहे.

दर महिन्याच्या एक तारखेला मी भाचीच्या गालाचा फोटो काढते, त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात. परवा विचारत होती, मावशी, त्याचा पण काढतेस का?