अपविंड जायचं असेल तर बोर्ड कोणता घ्यायचा आणि बार कधी सोडायचा

काइटबोर्डिंगबद्दल, म्हणजे मोठ्या पतंगाच्या (काइटच्या) ओढीवर पायात बोर्ड घालून पाण्यावर घसरायच्या खेळाबद्दल, आमच्या वरूड-मोर्शीकडच्या पोरापोरींचे मेसेज येतात तेव्हा पहिला प्रश्न उडीचा असतो, किती उंच जाता येतं, पडलं तर लागतं का वगैरे, आणि दुसरा प्रश्न म्हणजे ताई बोर्ड कोणता घेऊ. अपविंडचं, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे चढायचं, कोणीच विचारत नाही. माझं तर स्पष्ट मत आहे का आधी अपविंड शिका, बोर्ड पण त्याच हिशोबानं घ्या, उड्या नंतर मारा.

कारण साधं आहे. वारा तुम्हाला सतत खाली, म्हणजे तो जिकडे वाहतो तिकडे, ढकलत असतो, आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला चढता येत नसेल तर प्रत्येक फेरीला तुम्ही जिथून निघाले त्याच्या खाली जाऊन थांबता, मग बोर्ड काखेत, काइट डोक्यावर, आणि वाळूतून पायी परत. अर्धा वेळ चालण्यातच जातो. गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे एकवेळ परवडते, तो उद्या पुन्हा येईल. आपल्याला नागपूरहून चेन्नई आणि तिथून रामेश्वरम, म्हणजे दीड हजार किलोमीटरच्या वरचा प्रवास, सुट्ट्या मोजक्या, संत्र्याचा हंगाम सांभाळून निघायचं, त्यात वारा रोज मिळेलच असंही नाही. अशा माणसासाठी चालण्यात गेलेला तास फार महाग आहे.

आता माझा मावसभाऊ, तो ८५ किलोचा गडी, मागच्या वर्षी सोबत आला होता. किनाऱ्यावर उभं राहून मला पाहून विचारते, "ताई, वारा तिकडून येऊन राह्यला तं तू तिकडंच कशी जातं?" प्रश्न एकदम बरोबर आहे. थेट वाऱ्याच्या तोंडावर कोणीच जाऊ शकत नाही, शिडाची होडी पण नाही. आपण तिरपं जातो, एकदा डावीकडून वर एकदा उजवीकडून वर, असं नागमोडी करत चढतो. काइट तुम्हाला बाजूला पण ओढतो आणि खाली पण ओढतो. बोर्डची कड पाण्यात रुतवली का ती कड खाली सरकू देत नाही, फक्त पुढे जाऊ देते, त्यामुळे ओढीचा जो भाग बाजूला असतो तो तुम्हाला पुढे नेतो. कड जितकी नीट धरली तितकं वर. मग बोर्डचं काम काय, तर कड धरणं. एवढं समजलं का बोर्डची निवड निम्मी झाली.

पहिला बोर्ड ट्विन टिपच घ्यायचा, म्हणजे दोन्ही टोकं सारखी, दिशा बदलताना पाय बदलावे लागत नाही. साइज वजनावर. माझं वजन ५८, मी १३६ बाय ४१ सेंटीमीटरचा वापरते. ७० ते ७५ किलोच्या माणसाला १४० बाय ४२ च्या आसपास बसतो, आणि मावसभावासारख्याला १४५ ते १५०. नवीन माणसाला दुकानात छोटा बोर्ड आवडतो कारण तो दिसायला भारी आणि हलका, पण छोटा बोर्ड हळू स्पीडला पाण्यात बसतो, मग त्याला वर ठेवायला काइटमधून जास्त ताकद काढावी लागते, आणि ती ताकद तुम्हाला खालीच नेते. उलट फार मोठा पण नको, कारण वारा २० नॉटच्या (ताशी साधारण ३७ किलोमीटर) वर गेला का रुंद बोर्डची कड दबत नाही, बोर्ड पाण्यावर थडथड उडत राहते आणि मांड्या भरून येतात.

साइजपेक्षा पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट म्हणजे रॉकर, म्हणजे बोर्डचा लांबीतला बाक, आणि ती कोणी बघतच नाही. बोर्ड सपाट फरशीवर ठेवा आणि बाजूनं बघा, टोकं किती वर उचललेली आहेत ते. जास्त वाकलेला बोर्ड उड्या मारून उतरायला आणि लाटांच्या खडबडीत पाण्यात मऊ वाटतो, पण तो पाणी ढकलत चालतो. कमी रॉकरचा सपाट बोर्ड लवकर पाण्यावर येतो, कमी वाऱ्यात चालतो, आणि कडेची जास्त लांबी पाण्यात राहते म्हणून वर चढतो. कडा पण बघा, मधून सरळ असलेली कड जास्त पकडते, गोल पोटाची कड वळायला सोपी. फ्लेक्स, म्हणजे बोर्डची लवचिकता, मध्यम ते कडक. फिन, म्हणजे बोर्डखालचे छोटे पंख, ४ ते ५ सेंटीमीटरच्या असल्या का शिकणाऱ्याला मदत होते, पण फिन मोठ्या लावल्या म्हणजे अपविंड जमलं असं नाही, खरं काम कडेचंच आहे.

जुना बोर्ड घ्यायला काहीच हरकत नाही, मी तर तोच सल्ला देते. फक्त कडेला तडा गेला आहे का बघा, तडा असला का आत पाणी जाते आणि बोर्ड फुगतो, आणि पाय अडकवायच्या पट्ट्यांचे स्क्रू जिथं बसतात तिथले आटे झिजले नाहीत ना ते स्वतः स्क्रू फिरवून बघा.

फॉइलबद्दल, म्हणजे ज्या बोर्डखाली खांबाला पाण्यातले पंख लावलेले असतात त्याबद्दल, पण विचारतात, कारण पॅरिस २०२४ च्या ऑलिम्पिकमध्ये काइट पहिल्यांदा आलं आणि मार्सेच्या समुद्रात सगळे पाण्याच्या वर तरंगत जाताना दिसले. ते सगळे फॉइलवर होते. फॉइल ट्विन टिपपेक्षा कितीतरी जास्त वर चढते यात वाद नाही. पण खालचा खांबच साधारण ८५ ते १०० सेंटीमीटरचा असतो, आणि रामेश्वरमकडे आपण शिकतो ती उथळ जागा कुठं गुडघाभर कुठं कमरेएवढी. तिथं फॉइल जमिनीला लागते. पहिल्या बोर्डसाठी विषयच नाही.

आता टेक्निक. इथं सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि सगळे एकाच ठिकाणी अडकतात. वर जायचं म्हणून बार, म्हणजे काइटच्या दोऱ्या बांधलेला हातातला दांडा, छातीशी ओढून धरतात. वाटते का जास्त ओढलं म्हणजे जास्त ताकद, जास्त ताकद म्हणजे जास्त वर. होते उलटं. बार पूर्ण आत ओढला का काइटची मागची कड खाली येते, काइट वाऱ्याला चिरत पुढे जायच्या ऐवजी अडून बसतो, विंडोच्या, म्हणजे आपल्यासमोर काइट जिथं उडू शकतो त्या हवेतल्या पट्ट्याच्या, आत मागे सरकतो, आणि मागे सरकलेला काइट तुम्हाला सरळ खाली ओढतो. बैलगाडी हाकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही, कासरा ताणून धरला का बैल चालत नाही, थोडा ढिला दिला का पाय उचलतो. बार जिथं ताकद वाटते तिथून थोडा, पाच-दहा सेंटीमीटर, बाहेर जाऊ द्या. काइट पुढे सरकतो, विंडोच्या कडेला जाऊन बसतो, आणि लगेच तुम्हाला जाणवते का ओढ खालच्या ऐवजी पुढच्या अंगाला आली.

दुसरं म्हणजे क्रम. आधी स्पीड, मग कड. पाण्यातून उठल्या उठल्या कड दाबली का बोर्ड थांबतो, आणि थांबलेला बोर्ड बाजूला घसरतो, फिन पण काही करत नाही. थोडं खाली जाऊ द्या, बोर्ड पाण्यावर सुटा झाला, पाणी बोर्डखालून सपसप निघून राहिलं असं वाटलं, का मग हळूहळू टाचेवर वजन द्या. एकदम नाही. आणि स्पीड फार झाला तरी अडचण आहे, कारण आपण जितके जोरात जातो तितका वारा समोरून येतो असं लागते, काइट मागे पडतो, आणि वरची दिशा बंद होते. म्हणून मध्यम स्पीड, कड भरपूर. झुळूक आली का त्या जोराचा उपयोग वर चढायला करायचा, आणि वारा पडला का हट्ट न करता जरासं खाली वळून स्पीड टिकवायचा.

काइट ४५ अंशावर, घड्याळात सांगायचं तर साडेदहा नाहीतर दीड वाजल्याच्या जागी, आणि तिथं तो शांत ठेवायचा. सारखा वर-खाली फिरवत राहिलं तर प्रत्येक वेळी काइट विंडोच्या आतून जातो आणि तुम्ही दोन-चार मीटर खाली येता. वारा खूपच कमी असेल तेव्हा फिरवावा लागते, ते वेगळं. डोक्यावर ठेवला तर तो वर उचलतो आणि कडेवरचं वजनच निघून जाते.

आणि शरीर, शरीराचं मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे कारण हे गावात बसून पण सुधारता येते. पुढचा पाय जवळजवळ सरळ, मागचा गुडघ्यात वाकलेला, वजन मागच्या टाचेवर जास्त. कंबर वर आणि पुढे, खुर्चीत बसल्यासारखी मागे सोडायची नाही, हार्नेसच्या (कमरेला बांधायच्या पट्ट्याच्या) हुकाचं तोंड जायच्या दिशेला. खांदे वाऱ्याकडे उघडे. खांदे उघडत नसतील तर एकच उपाय, मागचा हात बारवरून काढून टाका. फक्त पुढचा हात, तोही बारच्या मधोमध, आणि मागचा हात मागे सोडून द्या. खांदा आपोआप उघडतो, आणि दोन हातांनी ओढायची सवय पण त्याच झटक्यात सुटते. नजर पुढच्या खांद्यावरून वर, लांबचं एखादं ताडाचं झाड किंवा नांगर टाकून उभी असलेली होडी पकडा आणि तिकडंच बघत राहा. काइटकडे बघत बसलं का शरीर काइटकडेच वळते. खात्री करायची असेल तर मागे वळून पाण्यातली आपली रेघ बघा, ती तुमच्या टाचेच्या मागून तिरपी खाली जाताना दिसली म्हणजे बोर्ड चढून राहिला.

वळणावर लोक कमावलेलं घालवतात. छोट्या छोट्या फेऱ्या नका मारू, एका दिशेला लांब जा. वळायच्या आधी स्पीड कमी करा, काइट आरामात डोक्यावर आणा, आणि नवीन बाजूला अगदी लहानसा डाइव्ह द्या, म्हणजे काइट झपकन खाली आणा. मोठा डाइव्ह दिला का दहा मीटर तिथंच गेले. आणि बोर्ड पायातून सुटला तर नुसत्या शरीरानं, एक हात पाण्यात फिनसारखा धरून, वर जाता आलंच पाहिजे, हे जमेपर्यंत कोणताही चांगला शिकवणारा तुम्हाला बोर्ड देणार नाही आणि ते बरोबरच आहे.

आमच्याकडे सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, पाणी अफाट, म्हणून घरचे म्हणतात "कायले इतक्या दूर जातं, इथंच कर ना." नाही. जमिनीवरून, टेकड्यांवरून, झाडांवरून येणारा वारा तुकड्या-तुकड्यानं येतो, एकदम जोर आणि एकदम शांत. समुद्रावरून येणारा वारा सलग असतो. शिवाय धरणात मासेमारीची जाळी असतात आणि सोडवायला बोट नसते. शिकणाऱ्यानं तिथं उतरू नये, हे मी अगदी कळकळीनं सांगून राहिले. समुद्रावर पण वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहत असेल आणि सोबत बोट नसेल तर उतरायचं नाही.

गावात करायचं ते ट्रेनर काइटवर करा, म्हणजे शिकायचा छोटा काइट, २ ते ३ चौरस मीटरचा. हरभरा निघाल्यावर वावर मोकळं होते, तिथं मस्त जमते. पऱ्हाट्या उभ्या असलेल्या वावरात नको, दोऱ्या गुंतून तुटतात. आणि विजेचे तार, शेतीपंपाची लाइन धुऱ्यावरून गेलेली असते, तिच्या जवळपास काइट उडवायचाच नाही, वावर कितीही चांगलं असलं तरी. काइट साडेदहावर आणून एका हातानं तिथंच शांत धरून ठेवायचा, कंबर पुढे, खांदा उघडा, नजर धुऱ्यापलीकडच्या झाडावर. मग दीडवर. मावसभाऊ उन्हाळाभर हेच करून राहिला होता आणि पाण्यात गेल्यावर बार ओढायची सवय त्याला लागलीच नाही.

रामेश्वरमला हिवाळ्यात ईशान्येचा वारा असतो, उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत नैऋत्येचा. संत्र्याचा हिशोब बघता आम्ही जानेवारीच्या शेवटी निघायचं ठरवून राहिलो. १४० च्या आसपासचा बोर्ड रेल्वेत वरच्या बर्थवर भिंतीला लावून मस्त जातो, त्याची काळजी नको. कोणाला यायचं असेल किंवा नुसता बोर्ड घ्यायचा असेल तर आपलं वजन आणि याआधी किती शिकले तेवढं लिहून पाठवा, आणि जुना बोर्ड बघून ठेवला असेल तर तो फरशीवर ठेवून बाजूनं काढलेला फोटो नक्की टाका, रॉकर दिसला पाहिजे.