अमावास्या, खाडी आणि गिऱ्हा

आज अमावास्या. मालवण-देवगडकडच्या खाडीकाठच्या वाड्यांत आज तिन्हीसांजेनंतर पाण्यात उतरायचं नाही. उतरलं तर गिऱ्हा, म्हणजे पाण्यातलं भूत, ओढतो. पलीकडे जायला एकच होडी आणि वाटेवर दिव्याचा पत्ता नाही, अशा आडवळणी वाडीत ही भीती पोरांना कोणी शिकवावी लागत नाही. तिला हसणाऱ्यांचा मला राग येतो. खाडीतला धोका खराच आहे, फक्त त्याचं कारण भलतीकडे शोधलं जातं.

दर्यावर जाणाऱ्यांचा जुना हिशेब असा: पक्षातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि खाडीत जितकं आत जावं तितका उशीर. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, म्हणजे आज संध्याकाळी साडेपाच-सहाला पाणी तळाला. तेही उधाणाचं, त्यामुळे एरवी पाण्याखाली असणारा वाळूचा पट्टाही उघडा पडतो. मुळे, तिसऱ्या असे शिंपले काढायला याहून चांगली वेळ नाही, आणि नेमका तेव्हाच अंधार पडतो.

पाणी एका चालीने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. दोन मीटरची भरती धरली तर तिसऱ्या एका तासात अर्धा मीटर. शिवाय आधी भरते ती पट्टा आणि किनारा यांच्यामधली खोल नळी. माणूस कोरड्या वाळूवर वाकलेला असतो आणि परतीची वाट मागच्या मागे बुडते. पौर्णिमेला पाणी इतकंच असतं, पण चांदण्यात ते चमकताना दिसतं. म्हणून गिऱ्ह्याची भीती अमावास्येला चिकटली असावी, असं मला वाटतं.

वाट चुकवून फिरवत ठेवणाऱ्या चकव्याचंही तसंच. जर्मनीतल्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवलं, की सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल तर सरळ चालतोय असं वाटणारा माणूस गोल फिरतो.

आणि पाय धरणारा हात? तो खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, चिखल. पाय वर खेचला की तळव्याखाली पोकळी होते, ती उलट ओढते, आणि सगळा भार पडून दुसरा पाय आणखी रुततो. अशा वेळी मागे रेलून बसावं, भार पाठीवर घ्यावा, पाय हळूहळू हलवत बाजूने पाणी आत शिरू द्यावं, मग सरपटत निघावं. पट्ट्यावर गेल्या गेल्या पाण्याच्या कडेला काठी रोवावी. पाणी काठीमागे सरायचं थांबलं की टोपली उचलावी. किनाऱ्यावर दोन कंदील, एक खाली, एक त्याच्या मागे उंचावर. दोन्ही एका रेषेत दिसतील ती पाण्यातून पार व्हायची वाट.

देवचाराला, म्हणजे गावाच्या राखणदाराला, नारळ द्यायचा त्याने जरूर द्यावा. मला खटकते ती दुसरीच समजूत: रात्री पाण्याकडून हाक आली तर ओ द्यायची नाही. चिखलात अडकलेला माणूस हाकच मारतो. ओ द्यावी, बॅटरी त्याच्यावर धरून ठेवावी, चौघांना बोलवावं. स्वतः आत धावू नये. फळी सरकवावी, दोर फेकावा, आणि तो काखेखालून बांधायला सांगावं.