आठ-दहा दिवसांचं काम

आमच्या स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा, वयाने आमच्या लग्नाएवढा. सिंकखालून पाणी झिरपायला लागलं आणि खालच्या मजल्यावरून निरोप आला, तेव्हा ‘आता करूनच टाकू’ असं ठरलं. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ या म्हणीत ओट्याचा उल्लेख नाही, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

तीन मिस्त्री बोलावले. पहिल्याने ओट्यावर दोनदा टिचकी मारली, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “आठ-दहा दिवसांचं काम आहे काका. पासष्ट हजारांत करून देतो.” दुसऱ्याने पंधरा दिवस आणि ऐंशी हजार सांगितले. तिसरा वयस्कर होता. त्याने टेपने मोजलं, सिंकखाली डोकं घालून बराच वेळ बघितलं. “भिंत उघडल्याशिवाय नक्की सांगता येत नाही. पण दीड-दोन महिने धरा, आणि लाखाच्या वर.” तो गेल्यावर आम्ही दोघं हसलो. एवढ्याशा ओट्याला दोन महिने! काम अर्थातच पहिल्याला दिलं. गणपतीला अजून दीड महिना होता.

आमच्या कॅलेंडरवर दुधाचे, पेपरचे आणि मावशींचे खाडे मांडलेले असतात. त्यांतच मी मिस्त्रीचे खाडे मांडू लागलो. चौथ्या आठवड्यात लक्षात आलं की, तो आला ते दिवस मांडणं जास्त सोपं आहे.

सगळं संपल्यावर हिशेब केला. एकूण दिवस ५७. मिस्त्रीने प्रत्यक्ष काम केलं ते १२. म्हणजे बिचारा फारसा चुकला नव्हता! मधल्या ४५ दिवसांबद्दल आम्ही त्याला विचारलंच नव्हतं.

ते ४५ कुठे गेले? जुना ओटा फोडला तर मागचा लोखंडी पाइप गंजून पापुद्र्यासारखा झालेला. तो बदलायला प्लंबर हवा, आणि प्लंबर दुसऱ्या साइटवर. प्लास्टर झाल्यावर आठवडाभर नुसतं पाणी मारायचं. ते मी मारलं, दिवसातून तीनदा, बागेला घालावं तसं. सिंकचं भोक दीड इंच चुकलं म्हणून ग्रॅनाइट परत गेला. मग टाइल्स सहा कमी पडल्या. दुकानदार म्हणाला, “देतो की, पण लॉट वेगळा आहे.” त्या सहा टाइल्स लावून बघितल्या तर पांढऱ्या शर्टाला पिवळट ठिगळ लावल्यासारखं दिसायला लागलं. पुन्हा सगळा बॉक्स घेतला. तेवढ्यात गणपती आले आणि मिस्त्री कोकणात गेला. त्यात त्याची चूक काढणार कोण? उकडीचे मोदक गॅलरीतल्या शेगडीवर झाले, पाऊस आला की एकाने छत्री धरायची. खर्च एक लाख अठरा हजार.

मिस्त्रीचा अंदाज होता कामाचा. दोन कामांच्या मधल्या रिकाम्या जागेचा अंदाज कुणीच देत नाही, आणि आमचे दिवस त्या जागेतच गेले.

याउलट आमच्याकडच्या मुंजीचा आचारी. दोनशे पानं म्हटल्यावर त्याने क्षणभर डोळे मिटून तांदूळ, डाळ, तूप सांगितलं आणि शेवटी जेमतेम दोन डबे भात उरला. त्याचा अंदाज दुपारी दोनपर्यंत खरा-खोटा होतो, तोही त्याच्या डोळ्यांदेखत, दुसऱ्या दिवशी परत तेच. मिस्त्रीला स्वतःची चूक दिसेपर्यंत तो दुसऱ्या कुणाच्या तरी ओट्यावर टिचकी मारत असतो.

हे नुसतं मिस्त्री लोकांचं नाही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली वेळ कमी धरण्याच्या या खोडीला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं रीतसर नावही दिलं. पुढे १९९४ मध्ये कॅनडातल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर ३४ दिवस. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४९. प्रत्यक्षात लागले ५५. मला गंमत वाटते ती त्या ४९ची. वाईटात वाईट कल्पना करतानाही माणूस हात राखून करतो.

आणि आपल्याकडे गोसीखुर्द आहेच. वैनगंगेवरच्या या धरणाचा मूळ अंदाज ३७२ कोटींचा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, आणि सुधारित आकडा पुढे अठरा हजार कोटींच्या वर गेला. भिंत, कालवे, गावं उठवणं, ती पुन्हा बसवणं... तिथल्या रिकाम्या जागांत लोकांची आयुष्यं गेली. त्यापुढे माझ्या सहा टाइल्सचं रडगाणं कुणाला सांगू?

परवा दुसऱ्या मजल्यावरचे शेजारी ओटा बघायला आले. त्यांनाही करायचाय. ग्रॅनाइटवरून हात फिरवत म्हणाले, “मस्तच झालाय. किती दिवस लागले हो?”

“महिनाभर,” मी म्हणालो. “तेही मध्ये गणपती आले म्हणून. तुमचं काय, पंधरा-वीस दिवसांत होऊन जाईल.”

ही चहा गाळत होती. तिने मान वर करून आधी कॅलेंडरकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि गाळणं नव्या सिंकमध्ये जरा जोरातच आपटलं.