वाडी धरली की

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझी कादंबरी वाचलेलं कुणीही भेटलं की चौथ्या वाक्याला प्रश्न येतो, "पण शेवटी त्यांचं लग्न झालं का?" एका वाचनालयाच्या कार्यक्रमात एक काकू तर रागावल्याच होत्या. एवढी पानं वाचायला लावलीत आणि शेवटी काय, तर तो केळीच्या खुंटांना पाणी घालतोय!

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातलं समुद्राकाठचं छोटं गाव. 3 जून 2020 ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, भर दुपारी निसर्ग वादळ येतं. नायिकेची सुपारीची वाडी आडवी होते. विजेचे खांब उभे करायला घाटावरून आलेल्या टोळीतला एक वायरमन, माणदेशातला, त्यांच्या पडवीत मुक्कामाला उतरतो. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. प्रकाशकांनी मुखपृष्ठावर 'प्रेरणादायी प्रेमकथा' छापलं. त्या पहिल्या शब्दाशी माझं फारसं जमत नाही, पण पुस्तक खपवायचं त्यांना होतं.

वादळानंतर महिन्याभराने ई-पास काढून मी आत्याकडे गेले होते. पडझडीचे फोटो बघून झालेले होते, त्यामुळे पडलेल्या झाडांची तयारी होती. उजेडाची नव्हती. सुपारीच्या वाडीत ऊन कधी सलग पडत नाही, सुटे पैसे सांडल्यासारखं पडतं. खाली कायम ओल, विहिरीच्या कठड्यावर शेवाळ, सुपारीच्या अंगावर मिरीचे वेल. आता विहिरीपासून रस्त्यापर्यंत सगळं लख्ख. रस्त्यावरून जाणाऱ्याला आत्याच्या मागीलदारची चूल दिसत होती. आत्याला झाडांइतकीच त्याची लाज वाटत होती, असं मला वाटलं. दोरीवरचे कपडे ती घरात वाळत घालायला लागली होती.

आणि त्या दोन दिवसांत एक वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मोजणं सोडलं. छपराचं काय? वाडी धरली की बघू. काकांचा मोतीबिंदू? वाडी धरली की. शेजारच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं, त्याचं काय? तेच. झाड धरलं म्हणजे फळाला लागलं. हे तुम्हाला ठाऊकच असेल. पण सुपारी धरायला किती दिवस लागतात, हे मला तोवर नीट ठाऊक नव्हतं. मी मुंबईत वाढलेली, माझी सुपारीशी ओळख विड्यापुरती.

आत्याने बोटांवर मोजून दाखवलं. बियाण्याची सुपारी जुन्या, भरवशाच्या झाडाची लागते, आणि पडली होती ती नेमकी जुनी झाडं. सुपारी रुजत घालायची, रोप लावण्याजोगं व्हायला वर्ष-दीड वर्ष. मग पोय, म्हणजे सुपारीचा फुलोरा, सुटायला पुढची पाच-सहा वर्षं. त्यात कोवळ्या सुपारीला ऊन सोसत नाही, पानं करपतात. मोठी झाडं असती तर त्यांची सावली मिळाली असती. ती नाहीत, म्हणून आधी केळी लावायची, केळीची सावली झाली की तिच्या आडोशाला सुपारी. म्हणजे सात वर्षं. मदत जाहीर झाली ती हेक्टरी 50,000 रुपये. ऐकायला बरी. पण इथे वाड्या गुंठ्यात मोजतात, आणि गुंठ्याला ते 500 रुपये होतात.

तुमचा लग्नाचा प्रश्न खरं तर पुस्तकात आहेच, वायरमन विचारतो. त्याच्या गावाकडे बाजरी तीन महिन्यांत घरात येते. आली नाही तर त्या वर्षीचं नशीब, पुढच्या पावसाला परत पेरायचं. "सात वर्षं?" तो म्हणतो, "सात वर्षांत आमच्याकडं माणूस दोनदा कर्जात जाऊन येतो." नायिका त्याला कसलीही अट घालत नाही, हे कृपा करून ध्यानात घ्या. 'पहिला घड उतरल्याशिवाय बोहल्यावर चढणार नाही' छापाची प्रतिज्ञा तिने केलेली नाही. मला स्वतःला असल्या प्रतिज्ञा सोसत नाहीत. ती फक्त गावातल्या इतरांसारखं बोलते: वाडी धरली की.

एक प्रसंग मात्र लिहिताना मला फार आवडला होता. त्याची आई बोलणी करायला येते, ओटीत साखर आणि सुपारी घेऊन. नायिकेचा बाप सुपारी उचलतो, हातात फिरवतो, नखाने टोकरतो आणि म्हणतो, "आमच्याकडचीच की ही!" इथून गेलेली, माणदेशातल्या वाण्याकडून विकत घेतलेली, परत इथे आलेली. पूजेत गणपती म्हणून मांडायला आपण सुपारीच घेतो. आत्याकडे दुसऱ्या वर्षी चतुर्थीला तीसुद्धा दुकानातून आणली होती.

मग लग्न का नाही लावलं? कारण मी लिहून संपवलं तेव्हा आत्याची वाडी धरलेली नव्हती. पुढच्या वर्षांचा घड आधीच लिहून टाकायचा, हे मला जमेना. दोनदा लिहिला होता, खोटा वाटला, फाडला. आत्याच्या वाडीत तेव्हा खरोखर जे होतं, तिथेच थांबले: केळी, आणि केळीखाली गुडघाभर सुपारी.

आत्याने पुस्तक वाचलं, चष्मा पुसला आणि एकच आक्षेप घेतला. "अगो, केळी पूर्वेला कशी लावलीस? पश्चिमेला हवीत. दुपारचं ऊन रोपांना भाजून काढतं." प्रेमाबद्दल ती काही बोलली नाही. परवा फोनवर म्हणाली, विहिरीकडच्या दोन झाडांना पोय आलीय, पण पहिल्या पोयीला जीव नसतो, गळून जाईल.

दुसऱ्या आवृत्तीत मी केळी पश्चिमेला हलवली आहेत. बाकी काही हलवलेलं नाही.